सासरच्या पानावरून माहेरच्या गाण्याकडे

माझी आत्या कुजबुजत भांडू शकते, हे मला गेल्या वर्षी कळलं.

त्याआधी तिचं भांडण ऐकायला कोणाला जवळ जावं लागत नसे. गिरडच्या पुढे टेकड्यांच्या पायथ्याशी तिचं सासर. वरच्या गल्लीतून ती विहाराकडे निघाली की खालच्या गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून उठत, कारण ही बाई घरातून निघतानाच गायला सुरुवात करायची आणि विहारात पोचेपर्यंत तिची दोन गाणी संपलेली असायची. माझ्या वडिलांची ही मोठी बहीण. शाळा चौथीपर्यंत. शेतात राबली, पोरं मोठी केली, नवरा गेला, आणि हे सगळं चालू असताना तिनं गाणी गोळा केली. गावात नवी सून आली की आठ दिवसांच्या आत आत्या तिच्या ओसरीवर हजर. सुनेचं शिक्षण, तिच्या बापाची शेती, यातलं काही विचारायची नाही. "तुह्या माहेरी बाया कोणतं गाणं म्हणतात वं?" एवढंच विचारायची.

मग उन्हाळ्यात तिच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, काढून टाकली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण आवाज परत आला नाही. कुजबूज आली, आवाज नाही. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू सुधारेल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही. तपासण्यांसाठी ती पंधरा दिवस आमच्याकडे, वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहिली आणि पहिले चार दिवस काहीच बोलली नाही. खिडकीपाशी बसून समोरच्या नव्या इमारतीचं बांधकाम बघत राहायची. मी विचारलं तर मान हलवायची. मला फार भीती वाटली. आमच्या घरात एवढी शांतता तिच्या असण्यानं व्हावी, हे मला सहनच होत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी कामाला बसले होते. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी घरून स्क्रिप्ट लिहिते. माणसानं हातानं करायचं म्हटलं तर आठवडा खाईल असं कंटाळवाणं काम यंत्राला समजावून दोन मिनिटांत उरकायचं, एवढाच त्याचा अर्थ. फायली इकडच्या तिकडे नेणं, त्यांची नावं बदलणं, त्यांच्या याद्या करणं. आत्या लोकांना सांगते, "माही भाची कागदं लावते," आणि खरं सांगायचं तर आजवर कोणी माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन केलेलं नाही.

तर ती आली, तिचा फोन माझ्या की-बोर्डवर ठेवला आणि कुजबुजली, "हे लावून दे."

फोनमध्ये दोनशेच्या वर गाणी होती. चार वर्षांपूर्वी तो फोन मीच तिला दिला होता, व्हिडिओ कॉल करता येईल म्हणून. व्हिडिओ कॉल तिनं मोजून दोनदा केला. पण कोणत्या तरी सुनेनं तिला रेकॉर्डिंगचं बटण दाखवलं आणि तेव्हापासून शिकलेलं प्रत्येक गाणं ती विसरू नये म्हणून फोनला म्हणून दाखवत होती. आधी घसा खाकरायची, मग सांगायची, "हे वरच्या गल्लीतल्या तिसऱ्या घरच्या लहान सुनंचं, माहेर तिचं आर्वीकडचं," आणि मग सुरू. मी पहिलं गाणं लावलं आणि तिचा तो उघडा, खणखणीत आवाज माझ्या खोलीभर झाला. मला रडू फुटलं. ती मात्र माझ्याकडे रागानं बघत होती. ती रडायला आली नव्हती, तिला काम होतं.

काम असं. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं, त्याला वर्षावास म्हणतात. वाचन संपलं की आत्या गावातल्या सहा पोरींना गाणी शिकवायची, आणि आश्विन पौर्णिमेला समारोपाच्या दिवशी त्या पोरी सगळ्या गावासमोर गायच्या. आठ-नऊ वर्षं हे चाललं होतं. जुन्या पोरी लग्न होऊन जायच्या, नव्या यायच्या, आत्या तीच. यंदा गावात बोलणं सुरू झालं होतं की म्हातारीचा आवाज गेला, आता समारोपाला मोठे स्पीकर लावून तयार गाणी वाजवू.

"मी बोलून शिकवू शकत नाई," ती म्हणाली. एकेक शब्दासाठी तिला थांबावं लागत होतं. "हे शिकवीन." तिनं फोनवर बोट ठेवलं. "नाई तं मंग मी त्या विहारात कायले जाऊ? कोपऱ्यात बसाले?"

मी डोळे पुसले आणि वही काढली.

फोनवर शिकवता आलं असतं, पण सहा पोरींच्या मध्ये तो केवढासा. ऑनलाइन टाकू म्हटलं तर तिच्या गावात नेटवर्क टेकडीवर चढलं तर येतं. "पोरी काय टेकडीवर बसवू?" असं तिनं विचारलं, आणि तो विषय मिटला. विहाराला लागून एक अभ्यासिका आहे, तिथे कोणीतरी दिलेला जुना कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर होते. पेनड्राइव्ह लावायचा, एक पान उघडायचं, पानावर नावं, नावावर बोट दाबलं की गाणं. हे पोरींना जमणार होतं.

आता गाणी लावायची कशी, यावर आमचं तीन दिवस भांडण झालं. मी शहाण्या माणसासारखे फोल्डर केले होते: पाळणे, निंदणीची गाणी, हळदीची गाणी, जयंतीची गाणी. आत्यानं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"हे काय किराण्याचं दुकान आहे? डाळ इकडं, तांदूळ तिकडं?"

"मग कसं लावू?"

"गाणं ज्या गावचं, त्या गावात ठेव."

तिच्या हिशेबात गाणं हे माहेरचं असतं. बाई लग्न होऊन सासरी येते, गाणं तोंडात घेऊन येते, पण म्हणून ते सासरचं होत नाही. विचारलं तर सांगायचं की हे देवळीचं, हे हिंगणघाटकडचं. म्हणून एक मोठा फोल्डर, नाव 'गाणी'. त्यात दोन फोल्डर, 'माहेर' आणि 'सासर'. माहेरात तालुके, तालुक्यांत गावं, गावांत गाणी. सासरात आत्याच्याच गावच्या गल्ल्या, आणि गल्लीत प्रत्येक बाईचं एक पान, त्यावर तिनं आणलेल्या गाण्यांची नावं. पोरी बाईच्या पानावरून गाणं उघडणार, कारण पोरींना बायका माहीत, तालुके नाहीत.

"मग गाणं दोन्हीकडे ठेवते ना," मी म्हटलं. "माहेरात एक, सासरात एक. सोपं पडेल."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कोणाचं तरी पोर पळवायची गोष्ट केली होती.

"दोन ठेवले का मंग खरं कोणतं? उद्या एकात चूक सुधारली, दुसऱ्यात राह्यली तं? गाणं माहेरातच राहीन. सासरी फकस्त वाट ठेवायची."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कंपनीत नव्या मुलांना हीच गोष्ट पटवायला मला दर वर्षी घसा कोरडा करावा लागतो, की बाबांनो, वस्तू एकाच जागी ठेवा, बाकी सगळीकडून तिच्याकडे जायची वाट दाखवा. ती मुलं इंजिनिअर असतात. ही चौथी पास बाई गळ्याला पट्टी बांधून मला ते कुजबुजत सुनावत होती, वर मलाच मठ्ठ समजत होती.

पानं पाऊणशे झाली. काही घरांत तीन-तीन जावा, म्हणून गल्लीच्या आत घराचा आणखी एक फोल्डर, अशा वेगवेगळ्या खोलीवर ती पानं होती. हातानं करणं अशक्य, म्हणून स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट प्रत्येक गाणं बघणार, ते कुठे आहे ते टिपणार आणि बाईच्या पानावर त्याची वाट लिहून टाकणार. माझ्या कॉम्प्युटरवर झकास चाललं. आत्या स्वतः एकेक नाव दाबून बघत होती आणि गाणं लागलं की मान डोलावत होती. पंधराव्या दिवशी ती गावी गेली तेव्हा तिनं जेवण पूर्ण संपवलं होतं. मी पेनड्राइव्ह घेऊन मागून यायचं ठरलं.

श्रावणातल्या एका रविवारी मी लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह घेऊन निघाले. जामला बस बदलली, समुद्रपूर, गिरड करत सकाळी अकराला गावात. आत्यानं मला हातातली पिशवीही खाली ठेवू दिली नाही. आधी मला एका बाईकडे पिटाळलं. तिच्या माहेरचं एक गाणं होतं, सासरहून माहेरी जायच्या वाटेचं, दिवाळीला भाऊ न्यायला येतो त्या वेळचं. तेच यंदा समारोपाला म्हणायचं ठरत होतं, आणि त्या बाईनं दुपारी विहारात हजर असलं पाहिजे असा आत्याचा हुकूम होता.

"माह्या घरापासून चौथं घर. जाय, सांगून येजो."

मी मोजत गेले. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्या घरी एक म्हातारी बाई तूर निवडत होती. मी सांगितलं, तुमच्या माहेरच्या गाण्यासाठी आलेय, वाटेचं गाणं. तिनं मला बसवलं. चहा केला. चिवडा दिला. माझ्या वडिलांची चौकशी केली, माझ्या लेकीची केली. मी पुन्हा गाण्याचं काढलं तेव्हा म्हणाली, "बाई, मी जन्मात कधी गाणं नाई म्हटलं. पण तू एवढ्या लांबून आली, तं म्हटलं बसू दे." बाहेर पडल्यावर कळलं की मी आत्याचं स्वतःचं घरच पहिलं म्हणून मोजलं होतं. हवी ती बाई शेजारच्या दारात उभी राहून केव्हाची माझं हे सगळं ऐकत होती आणि पदर तोंडावर धरून हसत होती.

दोन वाजता अभ्यासिकेत सगळे जमले. सहा पोरी पुढे सतरंजीवर. मागे पंधरा-वीस बायका, त्यात स्पीकरवर तयार गाणी वाजवू म्हणणारी एक ठसठशीत बाई दारालगत उभी. आत्या कॉम्प्युटरशेजारी खुर्चीवर, नवी कोरी पांढरी साडी नेसून. मी पेनड्राइव्ह लावला, पान उघडलं. नावं दिसली. बायका एकमेकींना आपलं नाव दाखवायला लागल्या. मी एका नावावर क्लिक केलं.

फाइल सापडत नाही.

दुसरं नाव. फाइल सापडत नाही. तिसरं. चौथं. पोरी माझ्याकडे बघतायत, मी पडद्याकडे बघतेय आणि माझे कान तापत चाललेत. कारण काय झालंय ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं, आणि हे असलं काहीतरी चुकणाऱ्या मुलांना मी पुण्याच्या मीटिंगमध्ये चांगली झापते.

फायलीचा पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक पूर्ण पत्ता: अमुक कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये, माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये, त्यात 'गाणी', त्यात 'माहेर', असा वरपासून खालपर्यंत. दुसरा पत्ता म्हणजे आपण उभे आहोत तिथून: इथून एक पायरी वर जा, अजून एक वर, मग माहेराच्या दारानं खाली उतर. जामच्या चौकात कोणालाही रस्ता विचारा, तो आधी तुम्हालाच विचारतो, "आले कोणीकडून?" नागपूरकडून आलेल्याला वेगळं सांगायचं, हिंगणघाटकडून आलेल्याला वेगळं. मी शुद्ध आळशीपणानं पूर्ण पत्ता लिहिला होता. पिपरी मेघेच्या माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पत्ता. इथे माझं टेबल नव्हतं, डी ड्राइव्ह नव्हता. दोनशे गाणी पेनड्राइव्हमध्येच होती आणि प्रत्येक पान ती शोधायला वर्ध्याला जात होतं.

"राहू द्या बाई," दारालगतची ती बाई म्हणाली, वाईट हेतूनं नाही, अगदी समजुतीनं. "एवढा तरास कायले? यंदा स्पीकर लावू. पोरी नाचतीन. आत्याबाईले बी आराम."

 आत्यानं साडीचा पदर सरळ केला आणि मांडीवर हात ठेवून बसली. आमच्या खिडकीपाशी बसायची तशीच बसली होती. मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"चारला या सगळ्या," मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच चढला. "दोन तास. कोणी काही ठरवायचं नाही तोवर."

आत्याच्या ओसरीवर मी लॅपटॉप उघडला. आता स्क्रिप्टला एवढंच शिकवायचं होतं की पान कुठे आहे आणि गाणं कुठे आहे, दोन्हींच्या वाटा शेजारी ठेव. सुरुवातीपासून जिथपर्यंत त्या सारख्या आहेत तेवढं सोडून दे. जिथे त्या फुटतात तिथपर्यंत पानापासून वर चढ, आणि तिथून गाण्यापर्यंत खाली उतर. वर चढायची खूण म्हणजे दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ, जेवढ्या पायऱ्या तेवढ्या वेळा. हे गणित करून देणारी तयार सोय असते, तिला फक्त सांगायचं की इथून निघ आणि तिथे जा. दहा मिनिटांत लिहून झालं. चालवलं. पान उघडलं. क्लिक केलं.

फाइल सापडत नाही.

मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत्या शेजारी बसली होती. तिनं ते ऐकलं, पचवलं आणि पडद्याकडे बोट केलं. "काय लिहिलं ते सांग मले."

"आत्या, हे तुला नाही समजणार."

"सांग तं खरं."

चिडले होते, तरी सांगितलं. हे बघ, हे वरच्या गल्लीतल्या बाईचं पान. इथून निघायचं. हे दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर. पुन्हा दोन टिंबं, अजून एक वर. पुन्हा दोन टिंबं, तिसरी पायरी. मग माहेर, मग समुद्रपूर, मग गाव, मग गाणं.

आत्यानं ओसरीच्या मातीवर बोटानं तीन चौकोन काढले, एकात एक. सगळ्यात बाहेरच्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे गाणी?" मी हो म्हटलं. "हे सासर. ही गल्ली." गल्लीत तिनं एक टिपका काढला. "आन् ही बाई."

मग टिपक्यावरून तिनं बोट उचललं.

"गल्लीतून सासरात, एक. सासरातून गाण्यात, दोन. झालं. येच्या समोर तं माहेर दिसते. तू तीन कायले चढली?"

मी त्याच टिपक्यावर बोट ठेवून पुन्हा मोजलं, दोनच.

"गावाच्या बाहेर जाऊन पडली तू," ती कुजबुजली. "सकाळी बी असंच केलं. आपलंच घर मोजलं. अवं, जिथं बसली हायस ते कोणी मोजते काय?"

अगदी तेच झालं होतं. त्या तयार सोयीला निघायची जागा म्हणून मी पान दिलं होतं. तिला हवा असतो पान ज्यात ठेवलंय तो फोल्डर. तिनं बिचारीनं पानालाच एक फोल्डर धरलं, त्यातून बाहेर पडायची एक पायरी मोजली, आणि माझं प्रत्येक गाणं वेशीच्या बाहेर शोधलं. पाऊणशे पानांवर, दोनशे वेळा, एकेक पायरी जास्त. मी एक शब्द बदलला, पानाच्या जागी पानाचा फोल्डर. चालवलं. क्लिक केलं.

"हे वरच्या गल्लीतल्या शेवटच्या घरच्या मधल्या सुनंचं," आत्याचा जुना आवाज ओसरीभर झाला. समोरच्या घरातली शेळी दचकून उभी राहिली.

मी आत्याला मिठी मारली. ती म्हणाली, "सोड वं, गळा दुखते." पण तीही हसत होती, आणि तिचं हसणं बिनआवाजी असलं तरी तिचंच होतं. मग मी शहाणी झाले. पेनड्राइव्ह लॅपटॉपमधून काढून पुन्हा वेगळ्या जागी लावून बघितला. फोल्डर दुसरीकडे नेऊन बघितला. कुठूनही निघालं तरी गाणं सापडत होतं. आत्यानं तेवढ्यात चहा केला, मातीतले चौकोन पायानं पुसले आणि मला बजावलं की विहारात हे कोणाले सांगू नको, भाची हुशार आहे असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

चारला सगळ्या आल्या. स्पीकरवाली बाईही आली. तिला मी खुर्ची दिली, कारण मला ती आता आवडायला लागली होती. जुन्या कॉम्प्युटरवर पान उघडायला पूर्ण मिनिट लागलं आणि त्या मिनिटात कोणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. मी सकाळच्या त्या हसऱ्या बाईच्या नावावर क्लिक केलं.

स्पीकर आधी खरखरले. मग घसा खाकरलेला ऐकू आला आणि मग आत्याचा आवाज, पूर्ण, भरलेला, दोन वर्षांपूर्वीचा. मागच्या बायकांमधून एक हुंकार उठला. किती महिन्यांनी ऐकत होत्या त्या. ज्या बाईचं गाणं, तिनं डोळ्यांना पदर लावला. गाण्यात बाई सासरहून निघते, भाऊ बरोबर आहे, आणि वाटेत काय काय लागतं ते ती एकेक सांगत जाते. आधी नाला, मग विहीर, मग चिंच, मग तिच्या शाळेचं कौल, आणि आईचं दार काही केल्या येत नाही. पोरी मागून म्हणायला लागल्या. दबकत, मग जरा मोकळ्या. मी आत्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तिला रडू येईल, किंवा तिचा तो गेलेला आवाज ऐकून तिला फार वाईट वाटेल. त्या क्षणी मला स्वतःलाच ते पेलत नव्हतं.

आत्याच्या कपाळावर आठी होती.

तिनं हात वर केला. मला वाटलं तिला पाणी हवंय. तिनं मान हलवली, पडद्याकडे बोट केलं. मी गाणं थांबवलं. आत्या खुर्चीवरून उठली, सतरंजीवर जाऊन पोरींच्या मधोमध मांडी घालून बसली.

"चुकली मी इथं," ती कुजबुजली. सगळे कान देऊन ऐकायला लागले. "चिंच आधी. मंग विहीर. चिंच आपल्या बाजूनं हाय ना." तिनं त्या गाण्याच्या बाईकडे बघितलं. "काऊन वं, तवा काऊन नाई बोलली?"

"तुमच्या आवाजात बरं वाटे आत्याबाई," ती बाई म्हणाली. "म्हणून गप्प राह्यली."

आत्यानं हात झटकला. मग सगळ्यात लहान पोरीला जवळ ओढलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओळ सांगितली. काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पोरीनं मान हलवली, श्वास घेतला आणि ती ओळ मोठ्यानं म्हटली, आधी चिंच, मग विहीर. आत्यानं तिच्या गुडघ्यावर बोटानं ताल धरला, एका जागी थांबवलं, हनुवटी वर करून दाखवलं, की इथे सूर वर ने. पोरीनं वर नेला. अंगावर काटा आला माझ्या, कारण तो जसाच्या तसा आत्याचा सूर होता. मग दुसरी पोरगी कानाजवळ, मग तिसरी. चौथीला तर सांगावंच लागलं नाही. दारालगतची ती स्पीकरवाली बाई कधी सतरंजीवर येऊन बसली ते कोणाला कळलं नाही, आणि आत्यानं तिच्याही गुडघ्यावर एक चापट मारून तिचा ताल सरळ केला.

मला वाटलं आता पुढचं कडवं ऐकवायला हवं. मी हात माउसवर नेला आणि गाणं पुन्हा सुरू केलं. स्पीकरमधला आत्याचा आवाज पोरींच्या आवाजावर चढला, विहीर आधी, चिंच नंतर, आणि पोरी गोंधळून थांबल्या.

आत्यानं मागे वळूनही बघितलं नाही.

"बंद कर वं ते," ती कुजबुजली. "पोरी चुकतीन."

दोनशे गाणी, पाऊणशे पानं, तीन दिवसांचं भांडण आणि एका दुपारची बेअब्रू. एवढं करून सुरू केलेलं मी एका क्लिकमध्ये बंद केलं, आणि इतक्या आनंदानं मी आयुष्यात काहीही बंद केलेलं नाही.